पाहणारांची साक्ष

चित्रपटाचा एक खेळ सुटून दुसऱ्याची वेळ होत आली म्हणजे गृहाच्या दारांत दोन माणसांची गांठ पडते. एक बाहेर येत असतो, दुसरा तिकिटासाठीं रांगेंत उभा असतो. दुसऱ्यानें पहिल्यास विचारलेला प्रश्न बहुधा दोनच शब्दांचा असतो : “कसा आहे?” उत्तरहि तितकेंच थोडकें. पुष्कळदां नुसती मान हालते किंवा तोंड वाकडें होतें, आणि त्यावरून रांगेंतला मनुष्य खिशांतून पैसे काढतो अथवा घरची वाट धरतो. आपल्याकडे चित्रपटाचे जे इतिहास लिहिले गेले आहेत त्यांत चित्रें कोणीं काढलीं, पैसा कोणीं घातला आणि कोणत्या गृहांत तीं किती आठवडे चाललीं हें सारें सांपडतें. दारांत दिलेल्या त्या उत्तराची नोंद मात्र कोणीं ठेविली नाहीं. वस्तुतः चित्राचें नशीब बहुतेक वेळां तेथेंच ठरलें. वाऱ्यावर गेलेलीं तीं उत्तरें जेथें जेथें कागदावर उमटलीं आहेत, तेथें तेथें जाऊन तीं पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ मुंबईपासूनच केला पाहिजे. १८९६ सालच्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस ल्युमिएर बंधूंच्या माणसानें वॉटसनच्या हॉटेलांत हलतीं चित्रें दाखविलीं. प्रवेशाचा दर एक रुपया होता. म्हणजे साहेब लोक आणि त्यांच्या बरोबरीचे थोडे धनिक सोडले तर इतरांचें तेथें काम नव्हतें. पण आठवड्याच्या आंत हेच खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत गेले. तेथें दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवण्यांत आले आणि पडदानशीन स्त्रियांच्या कुटुंबांसाठीं निराळ्या बैठकी राखण्यांत आल्या. दर असे उतरले व स्त्रियांची सोय झाली, ह्याचा अर्थ पहिल्या आठवड्यांत पाहून आलेल्यांनीं घरीं जाऊन चांगलें सांगितलें असाच मी लावतों. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे खेळ चालले. ते पाहणारांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांनीं जें पाहिलें त्यावर अभिप्राय लिहिला नाहीं. विलायतेहून यंत्र मागविलें, १८९९ सालीं कुस्तीचें चित्र घेतलें, आणि १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हां त्यांच्या स्वागताचेंहि घेतलें. पाहणाऱ्याचा अभिप्राय कधीं कधीं असाहि व्यक्त होतो.

लिहिलेला पहिला मोठा अभिप्राय मराठींत आहे ही गोष्ट आपण फारशी लक्षांत घेत नाहीं. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१७–१८ सालीं ‘नवयुग’ मासिकांत जी लेखमाला लिहिली तिच्याकडे चित्रपट-धंद्याचा दस्तऐवज म्हणूनच पाहण्याची चाल आहे. परंतु तिचा आरंभीचा भाग एका प्रेक्षकाचें आत्मनिवेदन आहे. १९१०–११ च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रपटगृहांत फाळक्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्राचें चित्र पाहिलें. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि ह्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढें कृष्ण, राम, गोकुळ व अयोध्या हीं उभीं राहत होतीं. पुन्हां तेंच चित्र पाहण्यास ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. मनुष्यास एखादी वस्तु फार आवडली कीं ती एकट्यानें पाहून त्याचें समाधान होत नाहीं. जवळच्या माणसास ओढून नेऊन त्याच्या मुद्रेकडे पाहावें असें त्यास वाटतें. सरस्वतीबाई तेव्हां काय म्हणाल्या हें त्या लेखमालेच्या कीर्तींत मागें पडलें. पुढें त्यांनीं दागिने दिले, रात्रीं फितीला भोकें पाडलीं आणि कारखान्यांतल्या साऱ्या मंडळींस रांधून घातलें, ह्यावरून त्यांचें मत काय झालें असावें तें समजण्यास कठीण नाहीं. त्यानंतर फाळक्यांनीं मुंबईंत येणारीं चित्रें पाहण्याचा इतका सपाटा लावला कीं त्यांचे डोळेच बिघडले. पाहण्यापायीं दृष्टि गमावण्याची पाळी आलेला हा आपला पहिला रसिक. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशन गृहांत लागला तो ह्या सर्व पाहण्याचा परिणाम.

१९१७ सालच्या ‘लंकादहना’ च्या वेळीं निराळाच प्रेक्षक दिसूं लागतो. पुढें स्वतः चित्रपटनिर्माते झालेले जे. बी. एच. वाडिया ह्यांनीं लहानपणीं पाहिलेल्या त्या चित्राची आठवण लिहून ठेविली आहे. मुंबईच्या आसपासच्या खेड्यांतून भाविक लोक बैलगाड्या जुंपून रामाच्या दर्शनास आले होते, असें ते सांगतात. आणि मारुति आकाशांत उंच उंच जातांना लहान लहान होत गेला तें पाहून स्वतः थक्क झाल्याचेंहि सांगतात. येथें एकाच छपराखालीं दोन अभिप्राय आहेत. पारशी मुलगा मारुति उडाला कसा ह्या विचारांत आहे. गाडीवानास तो प्रश्न पडलाच नाहीं, कारण मारुति उडतो हें त्यास ठाऊकच होतें. रामाची आणि सीतेची अशा दोन्ही भूमिका अण्णा साळुंके नांवाच्या एकाच पुरुषानें केल्या होत्या, आणि त्याचाहि कोणास अडथळा झाला नाहीं. ह्यांपैकीं अधिक जाणता प्रेक्षक कोणता हें सांगण्याची घाई मी करणार नाहीं. पण मुलाची आठवण छापली गेली, आणि गाडीवान बैल जुंपून परत गेला.

सरकारचें लक्ष ह्या गर्दीकडे गेल्यावांचून राहणें शक्य नव्हतें. १९१८ सालीं चित्रपटांचा कायदा झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें तपासनीस मंडळें बसलीं. आतां चित्र कसें आहे ह्याचें उत्तर लोकांच्या आधीं मंडळ देऊं लागलें. १९२१ सालच्या ‘भक्त विदुर’ चित्रांतला विदुर डोक्यावर टोपी घालून गांधीजींसारखा दिसतो असें अधिकाऱ्यांस वाटलें व मद्रासेकडे आणि सिंधांत त्यावर बंदी आली. त्या बंदीनें एक गोष्ट मात्र सिद्ध झाली : प्रेक्षक पुराणांत वर्तमान पाहतो, ही गोष्ट टीकाकारांच्या आधीं पोलिसांस कळली.

ह्यानंतर जी घटना घडली ती मला ह्या सर्व इतिहासांत सर्वांत महत्त्वाची वाटते. १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें मद्रासचे वकील दिवाण बहादूर टी. रंगाचारियार ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी समिति नेमली. अमेरिकन चित्रांचा पूर थोपवून त्या जागीं ब्रिटिश साम्राज्यांतलीं चित्रें कशीं आणतां येतील, हा सरकारच्या मनांतला हेतु होता. हेतु कांहींहि असो, ह्या देशांत लोकांस अधिकृतपणें प्रथमच विचारण्यांत आलें कीं, तुम्ही चित्रें पाहतां काय, कोणतीं पाहतां, आणि तीं तुम्हांस कशीं वाटतात? ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठविण्यांत आल्या. लेखी उत्तरें आलीं ३२०. म्हणजे शंभरीं आठहि नाहींत. समितीनें गांवोगांव फिरून ३५३ साक्षीदार तपासले. त्यांत ११४ युरोपियन, अँग्लो-इंडियन व अमेरिकन होते आणि २३९ हिंदी होते. ह्या साक्षींचे जाडजूड खंड छापून प्रसिद्ध झाले आहेत. कादंबरीपेक्षां ते अधिक वाचनीय आहेत असें मी म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

साक्ष देणारे कोण होते? वकील, शाळाखात्याचे अधिकारी, पोलिस, पाद्री, संपादक, चित्रगृहांचे मालक व थोडे निर्माते. स्त्रिया अगदीं थोड्या. स्वतः फाळके नाशिकाहून येऊन बोलून गेले. सुशिक्षित साक्षीदारांच्या बोलण्यांत एक सूर पुन्हां पुन्हां ऐकूं येतो : आपण स्वतः देशी चित्रें क्वचित् पाहतों, तीं अशिक्षितांसाठीं असतात, त्यांत नेटकेपणा नसतो, पाहावयाचें तर पाश्चात्य चित्र पाहावें. आणि ह्याच गृहस्थांनीं, न पाहिलेल्या चित्रांचा अशिक्षितांवर काय परिणाम होतो ह्याचेंहि विवरण केलें. चार आणे टाकून रोज खालीं बसणाऱ्या मनुष्याविषयीं पानेंच्या पानें भरलीं, पण त्याला स्वतःला खुर्चीवर बसवून कोणीं विचारलें असें फारसें दिसत नाहीं. महात्मा गांधींनाहि प्रश्नपत्रिका गेली होती. आपण कधीं चित्रपटास गेलोंच नाहीं, म्हणून उत्तरें देण्यास आपण योग्य नाहीं, असें त्यांनीं कळविलें. तथापि बाहेरून पाहणाऱ्यासहि ह्यापासून होणारें नुकसान दिसतें, एवढी पुस्ती त्यांनीं जोडलीच. त्यांचें मत कोणास पटो अगर न पटो, पण न पाहतां बोलतों आहें हें कबूल करून बोलणारे साक्षीदार त्या खंडांत विरळ आहेत. (पुढें १९४४ सालीं जुहूस विश्रांति घेत असतां त्यांनीं ‘रामराज्य’ चित्राचा कांहीं भाग पाहिला.)

समितीचा अहवाल १९२८ सालीं आला. साम्राज्याच्या चित्रांस सवलत देण्याची गोष्ट तिनें मान्य केली नाहीं आणि देशी धंद्यास उत्तेजन द्यावें असें सुचविलें. सरकारनें अहवाल बांधून ठेवला. त्याचें दुःख करण्यांत अर्थ नाहीं; साक्षी छापल्या गेल्या हेंच पुष्कळ झालें.

१९३१ सालीं चित्रपट बोलूं लागला, १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलला, आणि त्याबरोबर आमचा पांढरपेशा वर्गहि बोलूं लागला. साक्षीदार असतांना जो नाक मुरडीत होता तोच आतां कुटुंबासह दिसूं लागला. ह्या सुमारास आपल्या घरांत एक नवीन न्यायासन निर्माण झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. चित्र घरांतल्या बायका-मुलांस दाखविण्याजोगें आहे कीं नाहीं, हें आधीं कोणीतरी पाहून यावयाचें. बहुधा तो मान घरांतल्या धाकट्या दिरास अथवा कॉलेजांत जाणाऱ्या भावास मिळे. तो परत येऊन ओसरीवर निवाडा देई, आणि त्याचा निवाडा कितपत प्रामाणिक असे हें ज्याचें त्यानेंच ठरवावें. कारण चित्र फार आवडलें असेल तर “तुम्ही जाऊं नका, कांहीं अर्थ नाहीं” असें सांगून पुढच्या रविवारीं तो स्वतःच पुन्हां जाऊन बसे.

‘संत तुकाराम’ हें चित्र १९३६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सेंट्रल गृहांत लागलें आणि ५७ आठवडे तेथून हाललें नाहीं. एवढा काळ चित्र केवळ जाहिरातीवर चालत नाहीं. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा भाविकांस देव वाटला, हें सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र ह्या चित्राच्या यशाचें मर्म गौरीबाईंनीं केलेल्या जिजाईंत दिसतें. नवरा विठ्ठलाच्या नादीं लागला असतां चूल कशी पेटवावी, हा तिचा प्रश्न बायकांच्या बाजूस बसलेल्या प्रत्येकीस आपला वाटला, आणि जिनें पाहिलें तिनें शेजारणीस सांगितलें. व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं त्याचा गौरव झाला तो नंतर. चाळींतल्या नळावर तो आधींच होऊन गेला होता.

त्याच १९३७ सालीं ‘कुंकू’ आलें. नारायण हरि आपटे ह्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ ह्या कादंबरीवर तें बेतलेलें होतें. फसवून म्हाताऱ्याशीं लग्न लावून दिलेली नीरा त्याच्या घरांत राहते, पण पत्नी म्हणून त्याचा स्वीकार करीत नाहीं. जरठ-कुमारी विवाहाचा निषेध करणें सभ्य समाजांत तोंवर नवें राहिलें नव्हतें; ‘शारदा’ नाटक पाहून लोक तीन तपांहून अधिक काळ डोळे पुसत आले होते. पण शारदा रडत होती आणि नीरा ऐकून घेत नव्हती, हा भेद होता. कादंबरी एकट्यानें वाचतां येते व मिटून ठेवतां येते. चित्र सासू, सून आणि सासरा ह्यांनीं एका रांगेंत बसून पाहिलें. त्या घरांतील परतीचा टांगा किती मुकाट्यानें गेला असेल! पुढच्याच वर्षीं, १९३८ सालीं, आचार्य अत्रे ह्यांच्या कथेवरील ‘ब्रह्मचारी’ आलें आणि मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखानें घराघरांत निराळें वादळ उठविलें. येथें मुकाटपणा नव्हता. निषेध करणारे मोठ्यानें निषेध करीत, आणि निषेध नीट करतां यावा म्हणून दुसऱ्यांदां पाहून येत.

ह्या बोलण्यास छापील चव्हाटा मिळवून दिला तो बाबूराव पटेल ह्यांनीं. त्यांचें ‘फिल्मइंडिया’ हें इंग्रजी मासिक मुंबईंत १९३५ सालीं सुरू झालें. त्यांतील परीक्षणें झोंबणारीं असत. परंतु लोक तें मासिक उघडीत तें वाचकांच्या प्रश्नांस संपादकानें दिलेल्या उत्तरांसाठीं. दूरदूरच्या गांवांहून पत्रें येत. कोणी नटीचें वय विचारी, कोणी देशाचें भवितव्य विचारी, आणि दोहोंस सारख्याच तिखटपणें उत्तर मिळे. ह्या उत्तरांत न्याय नेहमींच होता असें मी म्हणणार नाहीं. द्वेषहि होता, बाजारूपणाहि होता. पटेलांनीं स्वतः चित्रें काढलीं तेव्हां दुसऱ्यांस लावलेली मोजपट्टी आपल्यास लागते काय, हा प्रश्न त्यांच्या वाचकांस पडला असल्यास नवल नाहीं. पण एका कोपऱ्यांतल्या गांवचा कारकून आपलें मत टपालानें पाठवूं शकतो आणि तें छापून येतें, ही गोष्ट रंगाचारियार समितीच्या ३५३ खुर्च्यांहून पुढची होती.

आमच्या मराठी वाङ्मयीन मासिकांनीं ह्या काळांत काय केलें? नाटकाच्या एकेका प्रवेशाची त्यांनीं कसून चिकित्सा केली. चित्रपटास मात्र बहुधा शेवटच्या पानांत थोडी जागा दिली. चित्र हें चार घटकांची करमणूक, तिच्यावर शाई कशाला, असा भाव त्यामागें होता. ह्या उपेक्षेची किंमत काय पडली तें पुढें दिसेल.

चित्र पाहून बोलणें हा स्वतंत्र उद्योग आहे असें मानणारे लोक स्वातंत्र्याबरोबर पुढें आले. ५ ऑक्टोबर १९४७ रोजीं सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त व त्यांचे कांहीं मित्र ह्यांनीं कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली, आणि रशियन ‘बॅटलशिप पोटेमकिन’ दाखवून तिचा आरंभ केला. १९५२ च्या जानेवारींत मुंबईस आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. इटलीचें ‘बायसिकल थीव्हज’ आणि जपानचें ‘राशोमोन’ आपल्या लोकांनीं त्या निमित्तानें पाहिलें. पाहणारांपैकीं बिमल रॉय ह्यांनीं पुढच्याच वर्षीं ‘दो बिघा जमीन’ काढलें, हें पुष्कळांनीं सांगितलें आहे. सावेदादांची परंपरा मोडली नव्हती.

रायांचें ‘पथेर पांचाली’ १९५५ सालीं कलकत्त्यास लागलें तेव्हां पहिले दिवस खुर्च्या रिकाम्या होत्या. नंतर एकानें दुसऱ्यास सांगितलें, दुसऱ्यानें तिसऱ्यास. आणि गृह भरूं लागलें तेव्हां आधींच ठरून गेलेल्या एका मोठ्या चित्रासाठीं त्यास जागा सोडावी लागली. वीस वर्षांनीं ‘शोले’ ची तशीच गत होणार असें व्यापारी पत्रांनीं जाहीर केलें होतें. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेल्या त्या चित्रास त्यांनीं मृत ठरविलें. लोकांनीं घरीं जाऊन त्यांतले संवाद म्हणून दाखविले, आणि मुंबईच्या मिनर्व्हा गृहांत तें पांच वर्षें राहिलें. एक चित्र कवीचें, दुसरें गल्ल्याचें. दारांतल्या मनुष्यानें दोघांसहि तारलें.

चित्रमंडळांचा संघ १९५९ सालीं झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईंत १९६८ सालीं ‘प्रभात चित्र मंडळ’ निघालें आणि मराठी माणूस चित्र पाहून झाल्यावर तेथेंच थांबून त्यावर बोलूं लागला. पुढें ‘वास्तव रूपवाणी’ ह्या त्यांच्या नियतकालिकानें मराठींत चित्रपटविचारास हक्काचें पान दिलें. सभासदांसाठींच्या खेळांस तपासनीस मंडळाची कात्री लागत नसे, ह्या कारणास्तव कांहीं मंडळी कलेच्या नांवाखालीं निराळ्याच अपेक्षेनें सभासद होत, हें जुने कार्यकर्ते हंसत कबूल करतात. अपेक्षाभंग झाला तरी त्यांतले कांहीं टिकले आणि चांगले प्रेक्षक झाले.

आतां मघां राखून ठेवलेली गोष्ट. हिंदुस्थानांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. आज अखंड वा तुटक स्वरूपांत हातीं असलेले जेमतेम तीसच्या घरांत भरतील. फिती जळाल्या, कुजल्या, चांदी काढण्यासाठीं विकल्या गेल्या. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, तोंपर्यंत बहुतेक नाश होऊन चुकला होता. त्याचे पी. के. नायर हे लहानपणीं चित्रगृहांचीं तिकिटें जमविणारे गृहस्थ. त्यांनीं फाळक्यांच्या वारसांकडून व ठिकठिकाणच्या अडगळींतून जें मिळालें तें गोळा केलें; अंधारांत बसून प्रत्येक चित्राचें टिपण वहींत करण्याची त्यांची संवय मरेपर्यंत सुटली नाहीं. २०१६ सालीं ते वारले. ज्या वस्तूवर सुशिक्षितांनीं शाई खर्चिली नाहीं ती जपून ठेवण्याचेंहि कोणास सुचलें नाहीं, ही ती किंमत.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें ‘सावकारी पाश’ हें १९२५ सालचें चित्र अशा नाहींशा झालेल्यांपैकींच एक आहे. तेंहि आपट्यांच्याच कथेवर होतें. जमीन गमावून गिरणींत जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचें काम शांतारामांनीं केलें होतें. पौराणिक चमत्कारांस सरावलेल्या लोकांस तें रुचलें नाहीं. पेंटरांचा त्यावरील जीव एवढा कीं १९३६ सालीं त्यांनीं तेंच पुन्हां बोलपट म्हणून काढलें. मूळ मूकपटाची फीत उरलेली नाहीं. उरली आहे ती एका पाहणाऱ्याची साक्ष, आणि तो पाहणाराहि ‘लंकादहना’ च्या वेळचाच मुलगा, जे. बी. एच. वाडिया. मूकपट त्यांस पुसटसाच आठवत होता; बोलपट पाहिल्यावर मात्र अंधुक उजेडांत दूरवर दिसणारी एक भकास झोंपडी आणि कुत्र्याचें विव्हळणें त्यांच्या मनांत राहिलें होतें.  अनेक वर्षांनीं लिहितांनाहि तें विव्हळणें त्यांच्या कानांत होतें.